स्कॉटिश मित्राच्या लग्नात किल्ट नेसावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते मूळचे नागपूरचे असून तीन वर्षांपासून ग्लासगोत नोकरी करतात. सप्टेंबरअखेरीस स्टर्लिंगजवळ त्यांच्या स्कॉटिश सहकाऱ्याचे लग्न आहे आणि निमंत्रणपत्रिकेवर पोशाखापुढे ‘हायलँड पोशाख किंवा लाउंज सूट’ असे छापले आहे. त्यांना किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, घालावासा वाटतो. पण आपण स्कॉटिश नसताना तो शोभेल का, कोणाला खटकेल का आणि घालायचाच झाला तर कोणत्या कुळाचे टार्टन (चौकटींचे लोकरी कापड) घ्यावे, हे त्यांना ठरवता येत नाही. आईचे म्हणणे असे की सरळ बंदगळा घालावा आणि डोक्याला फेटा बांधावा. त्यांची उंची पाच फूट सहा इंच आहे.

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. नवरदेवाला एकदा विचारा, आणि तुमच्या मापाचा किल्ट मिळत असेल तर निःशंकपणे नेसा. मापाचा मिळत नसेल तर मात्र नवरदेवाने कितीही आग्रह केला तरी नेसू नका. ग्लासगोतल्या एका दुकानात किल्टची मापे घेण्याचे आणि भाड्याचे किल्ट दुरुस्त करण्याचे काम मी २२ वर्षे करतो आहे. एवढ्या काळात स्कॉटिश नसलेल्या माणसाने किल्ट नेसला म्हणून लग्नात कोणी नाक मुरडल्याचे मी पाहिलेले नाही. गुडघ्याखाली लोंबणारा किल्ट पाहून नाक मुरडणारे मात्र पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत मीही असतो.

मी मुद्दाम ‘नेसा’ म्हणतो आहे. आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो आणि शाल पांघरतो. प्रत्येक कपडा अंगावर कसा राहतो ते आपल्या क्रियापदातूनच कळते. किल्टला चामड्याचे पट्टे आणि बकले लावलेली असतात, निऱ्या शिवून बसवलेल्या असतात, म्हणून तो घालायचा कपडा वाटतो. पण अंगावर तो वागतो धोतरासारखा. कमरेभोवती गुंडाळलेले लांब कापड, मागच्या बाजूला दाट निऱ्या आणि पुढे एकावर एक आलेले दोन सपाट पदर, अशी त्याची घडण असते. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा वारभरच कमी. धोतर सांभाळलेल्या माणसाला किल्ट सांभाळता येतो. पँटसारखा चढवून जो त्याला विसरून जातो, त्याची संध्याकाळपर्यंत फजिती होते.

आता तुमच्या मनातल्या मुख्य शंकेकडे येतो. ‘मला अधिकार आहे का’ हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना फार छळतो, आणि त्यामागे एक समजूत असते की प्रत्येक स्कॉटिश कुळाचे टार्टन प्राचीन काळापासून ठरलेले आहे आणि ते त्या रक्ताच्या माणसानेच नेसावे. इतिहास इतका सरळ नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमधले, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, पुरुष एक मोठी लोकरी चादर चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. वरचा भाग गाळून फक्त कमरेखालचा ठेवलेला लहान किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत जेकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या, पक्षाचा पराभव झाल्यावर त्याच वर्षी संसदेने हायलँड पोशाखावर बंदीचा कायदा केला, तो १७४७ च्या ऑगस्टपासून अमलात आला आणि १७८२ मध्ये रद्द झाला. सैन्यातल्या हायलँड पलटणींना ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे जवळजवळ ३५ वर्षे हा पोशाख उघडपणे वागवला तो मुख्यतः शिपायांनी, आणि आजच्या किल्टच्या थाटात जी लष्करी शिस्त दिसते तिचे मूळ बरेचसे तिथे आहे.

कुळ आणि टार्टन यांची पक्की जोडी तर त्याहूनही नंतरची. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ च्या सुमारास कुलप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा आपले टार्टन नेमके कोणते याची काही प्रमुखांनाच चौकशी करत फिरावे लागले. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या भेटीचा सारा सोहळा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी बेतला, आणि राजा स्वतः किल्ट नेसून खाली गुलाबी रंगाचे तंग मोजे घालून वावरला. ज्या सखल प्रदेशातल्या लोकांचे पूर्वज या पोशाखाला डोंगरी लोकांचा म्हणून हसत होते, तेही त्या दिवसांत टार्टन शोधू लागले. हे टार्टन पुरवणारे सर्वांत मोठे विणकर होते बॅनकबर्नचे विल्सन, आणि बॅनकबर्न म्हणजे तुम्ही लग्नाला चालला आहात त्या स्टर्लिंगचा अगदी शेजार. त्यांनी १८१९ मध्ये आपल्या नमुन्यांची मोठी वही तयार केली. त्यातली कित्येक टार्टन आधी नुसत्या क्रमांकाने ओळखली जात आणि त्यांना कुळांची नावे पुढे चिकटली. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग चालवत. ही हकिकत मी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘माल आधी निघतो, नाव व्यापारी मागून देतो, ह्यात नवल ते काय?’

याचा अर्थ टार्टन खोटे आहे असा कोणी घेऊ नये. दोनशे वर्षे लोक ज्यात लग्न करतात आणि ज्यात माणसाला पुरतात, ते त्यांचेच असते. मला एवढेच सांगायचे आहे की कोणते टार्टन कोणी नेसावे यावर कायद्याचे बंधन नाही, जे आहे ते रीतीचे आहे, आणि रीत पाहुण्याला सामावून घेणारी आहे. बाल्मोरल नावाचे राखी छटेचे टार्टन राजघराण्यासाठी राखीव आहे; त्याला हात लावू नये, आणि कोणतेही बरे दुकान ते तुम्हाला देणारही नाही. टार्टनची अधिकृत नोंदवही २००८ च्या कायद्याने स्थापन झाली आणि २००९ पासून चालू आहे. तीत गावांची, संस्थांची, व्यवसायांची, परदेशांतून आलेल्या समाजांची अशी शेकडो टार्टन आहेत. सिंग आडनावाचेही आहे, आणि ते नेसून डोक्यावर पगडी बांधलेले शीख नवरदेव मी स्वतः सजवले आहेत.

मग लोकांना खटकते ते काय? त्यांना सोंग खटकते. पर्यटकांसाठी मांडलेला पातळ ॲक्रिलिकचा किल्ट, लाल केसांचा टोप चिकटवलेली टोपी, सैल मोजे, आणि दर पाच मिनिटांनी ‘खाली काय घातले आहे’ हा विनोद, हे सगळे घेऊन कोणी लग्नात शिरला तर यजमानांना वाटते की आपल्या घरच्या कार्यात हा गंमत करायला आला आहे. हीच गोष्ट आपल्याकडे उलटी करून पाहा. परदेशी पाहुण्याने नीट धोतर नेसले तर आपल्या आत्या-मावश्या कौतुकाने फोटो काढतात, आणि तोच दुकानातली फसवी मिशी लावून आला तर मंडपातली जाणती माणसे तोंड फिरवतात.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. कामाला लागून महिनाही झाला नव्हता आणि दुकानातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला किल्ट नेसून गेलो. जेवणाआधी कोपऱ्यातल्या एका आजींनी मला बोटाने जवळ बोलावले. मला वाटले, आता विचारणार की बाबा, तुझा याच्याशी काय संबंध. त्यांनी माझ्या किल्टच्या पिनेवर बोट ठेवले आणि पिन दोन्ही पदरांतून आरपार गेली आहे हे दाखवले. ती फक्त वरच्या पदराला, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याजवळ लावायची असते. दोन्हींतून लावली तर चालताना पदर ओढला जातो आणि लोकर फाटते. आजींनी स्वतः ती काढून नीट लावली आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून मला परत पाठवले. माझ्या वर्णाविषयी किंवा गावाविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

तर नवरदेवाला विचारायचे ते परवानगीसाठी नव्हे, माहितीसाठी. पहिली माहिती ही हवी की त्याच्या बाजूचे करवले कोणते टार्टन नेसणार आहेत. भाड्याच्या दुकानांत काही ठरावीक टार्टनच खूप चालतात, आणि तुम्ही नकळत तेच उचलले तर दिवसभर लोक तुम्हाला करवला समजतात. असा एक तेलुगू पाहुणा किल्ट परत करायला आला तेव्हा मला सांगत होता की पन्नास लोकांनी त्याला आपली जागा कुठे आहे ते विचारले आणि शेवटी त्याने खरोखरच जागा दाखवायला सुरुवात केली. दुसरी माहिती ही की इतर पाहुण्यांपैकी कितीजण किल्ट नेसणार आहेत. स्कॉटलंडमधल्या लग्नात बहुधा बरेच असतात, पण नवरीकडची मंडळी इंग्लंडची असतील आणि नवरदेव एकटाच किल्टमध्ये उभा राहणार असेल, तर तुम्ही त्याच्यावर मात केल्यासारखे दिसेल. अशा वेळी सूट घालणे हाच शहाणपणा. आणि त्याने आपल्या घराण्याचे टार्टन तुम्ही नेसावे असे आपण होऊन सुचवले, तर ते मोठे मानाचे बोलावणे समजा. नाही म्हणू नका.

तसे बोलावणे नसेल तर सर्वांसाठी खुली असलेली टार्टन निवडावीत. ब्लॅक वॉच हे गडद निळे-हिरवे लष्करी टार्टन कोणालाही चालते आणि सावळ्या वर्णाला फार खुलते. हंटिंग स्टुअर्ट आणि कॅलेडोनिया हीदेखील कुळाच्या बंधनाबाहेरची मानली जातात, आणि जिल्ह्यांची टार्टन त्या जिल्ह्यात राहणाऱ्याला नेसता येतात. तुम्ही ग्लासगोत राहता, तर ग्लासगोचे टार्टन तुमचेच आहे. झळझळीत लाल रॉयल स्टुअर्ट दुकानात सर्रास मिळते, पण ते राजाचे स्वतःचे टार्टन मानले जाते आणि जुन्या वळणाच्या लोकांना पाहुण्याच्या अंगावर ते आवडत नाही. माझा स्वतःचा कल गडद रंगांकडे आहे, कारण फोटोत लाल रंग नवरीच्या आधी डोळ्यात भरतो.

आता मापाविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे बिघडते ते इथेच. किल्ट पँटच्या जागी बसत नाही. त्याचा वरचा काठ बेंबीच्या पातळीवर किंवा बोटभर वर येतो, आणि खालचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध थांबतो. आपण पँट बेंबीच्या बरीच खाली घालतो, त्यामुळे जीन्सच्या लेबलावरचा आकडा इथे निरुपयोगी आहे. बेंबीवरचा घेर त्याहून दोन-तीन इंच जास्त भरतो, आणि आमच्यासारख्या भात खाणाऱ्यांचा तर चारही. मी शिकाऊ असताना एका ग्राहकाने फोनवर सांगितलेला पँटचा नंबर तसाच लिहून घेतला. तो किल्ट त्याच्या बेंबीवर बसेना, म्हणून त्याने तो कुल्ल्यांवर घातला, आणि तो पोटरीच्या मध्यापर्यंत आला. लग्नाच्या सकाळी त्याला भावाची काळी पँट घालावी लागली. ती चूक पूर्णपणे माझी होती आणि तेव्हापासून मी फोनवर माप घेत नाही.

लांबीचा प्रश्न तुमच्यासाठी अधिक नाजूक आहे. बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सहा फुटी माणसात २४ इंच किंवा थोडे अधिक भरते, आणि भाड्याचा बहुतेक साठा त्या आसपासचा असतो. पाच फूट सहा इंचांच्या माणसाला साधारण २२ इंच लागतात. तुम्ही म्हणाल, मग दोन इंच दुमडून टीप मारू. ते होत नाही. चांगल्या किल्टच्या खालच्या काठाला दुमड किंवा शिवण नसतेच. तिथे कापडाची मागावरची मूळ किनार असते, आणि निऱ्या नीट पडतात आणि चालताना एकत्र हलतात त्या या बिनशिवणीच्या काठामुळे. म्हणून किल्ट खालून आखूड करत नाहीत. करायचा झाला तर तो वरून उसवून निऱ्या पुन्हा बसवाव्या लागतात, आणि भाड्याच्या मालावर ते काम कोणी करत नाही. तेव्हा दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न टार्टनचा विचारू नका. २२ इंच लांबीचा किल्ट साठ्यात आहे का, हा विचारा. पोरांसाठी आणि बुटक्या माणसांसाठी आखूड लांबीचा साठा ठेवणारी दुकाने ग्लासगोत आहेत, पण त्यांत टार्टनची निवड कमी मिळते. ती तडजोड मान्य करा. लांबीची करू नका. पाहायची जुनी युक्ती अशी की किल्ट नेसून जमिनीवर गुडघे टेकून ताठ बसावे. काठ जमिनीला लागला तर तो लांब, इंचभर वर राहिला तर बरोबर.

वजनालाही महत्त्व आहे. कापड प्रतिवार औंसात मोजतात. १६ औंसाचे जाड, १३ औंसाचे मध्यम आणि १० ते ११ औंसाचे हलके. १६ औंसाचा आठवारी किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो, आणि नवख्या माणसाला वाटते की हलका बरा. उलट आहे. जाड लोकर वाऱ्यात जागची हलत नाही आणि बसून उठल्यावर तिच्या चुण्या आपोआप सुटतात. स्टर्लिंगच्या परिसरात सप्टेंबरअखेरचा वारा काय असतो ते तुम्हाला तीन वर्षांत कळलेच असेल. शिवाय स्कॉटलंडमध्ये कायदा विवाह लावणाऱ्याकडे पाहतो, जागेकडे फारसा पाहत नाही, म्हणून नदीकाठी, टेकडीवर, पडक्या किल्ल्यातही लग्ने लागतात. तुमच्या पत्रिकेत विधी उघड्यावर असेल तर १६ औंसाचाच मागा. (हेच लग्न जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर असते, तर मी आधी मिजेस नावाच्या चिलटांविषयी लिहिले असते. उघडे गुडघे त्यांना फार आवडतात.)

बाकीचा साज दुकानदार एकत्रच देतो. तरी काय मागावे हे माहीत असलेले बरे. दुपारच्या लग्नाला आर्गाइल नावाचा साधा आखूड कोट, साधा शर्ट, लांब टाय आणि वेस्टकोट हा माझ्या मते उत्तम मेळ. प्रिन्स चार्ली नावाचा चांदीच्या बटणांचा आखूड काळा कोट मुळात संध्याकाळच्या समारंभाचा, बो-टायसोबतचा; पण लग्नांत तो आता दिवसाही चालतो आणि बहुधा नवरदेवच तो घालतो, म्हणून पाहुण्याने तो त्यालाच राहू द्यावा. स्वतःच्या सुटाचा कोट किल्टवर घालू नका. किल्टचा कोट मुद्दाम आखूड कापलेला असतो, कारण त्याखाली निऱ्या आणि पुढे स्पोरान दिसायला हवा. सुटाचा कोट दोन्ही झाकतो आणि माणूस आखूड दिसतो. स्पोरान म्हणजे पुढे साखळीला लटकणारा बटवा, आणि किल्टला खिसे नसल्यामुळे तो शोभेचा नसून गरजेचा आहे. तो पट्ट्याच्या बकलाखाली चार बोटे यावा. दिवसा साधा चामड्याचा चालतो. समारंभी स्पोरानवर सीलचे किंवा सशाचे कातडे असते, तेव्हा तुम्हाला किंवा घरच्यांना ते चालत नसेल तर आधीच सांगा. मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर दुमडावेत, आणि पांढरे घेऊ नयेत. पांढरे मोजे भाड्याच्या धंद्याने सोयीसाठी रूढ केले, हे त्याच धंद्यातला माणूस म्हणून मी कबूल करतो. टार्टनमधल्याच एखाद्या गडद रंगाचे मोजे फार सुंदर दिसतात. गिली ब्रोग या जोड्यांना जीभ नसते आणि लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळतात. त्या पोटरीवर फार उंच बांधल्या तर मोज्यात रुततात आणि नाच सुरू झाला की सुटतात. घरचे साधे काळे बूटही चालतात.

मोज्यात खोचायच्या छोट्या सुऱ्याला स्कीअन डू म्हणतात. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो बाळगायला स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात मुभा आहे, पण विमानाच्या केबिनमध्ये ती मुभा नाही, आणि पोशाख उतरवून खिशात सुरा घेऊन फिरणाऱ्यालाही नाही. भाड्याच्या संचात बहुधा मुठीला चिकटवलेले नकली पातेच येते. तेच घ्या, आणि नाच सुरू होण्याआधी काढून ठेवा.

नाच म्हणजे ‘केली’ नावाचा स्कॉटिश समूहनाच, आणि तो होणारच. स्ट्रिप द विलो या नाचात माणसे एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून गरगर फिरतात, आणि तेव्हा किल्ट छत्रीसारखा फुलतो. इथे त्या चावट प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो: भाड्याचा किल्ट नेसताना अंतर्वस्त्र घालायचे, यात चर्चेला जागा नाही. तो किल्ट पुढच्या शनिवारी दुसरा कोणी नेसणार आहे, आणि तो दर वेळी वाफवून स्वच्छ करणाऱ्या माणसाचाही विचार करावा. तो माणूस मी आहे. गडद रंगाची, मांड्यांपर्यंत येणारी घ्या. नाचताना स्पोरान साखळीवर सरकवून बाजूला, कमरेवर न्यावा. नाहीतर तो पुढे आदळत राहतो आणि समोरच्या बाईला लागतो.

बसण्याचा सराव घरी करा. उभे असताना दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या खाली सारत बसायचे, जशा आपल्या बायका साडीच्या निऱ्या सावरून बसतात, आणि गुडघे फार फाकवायचे नाहीत. स्पोरान मध्ये पडतो आणि पदर दाबून धरतो. गाडीत आधी बसावे आणि मग पाय आत घ्यावेत. दोन संध्याकाळी घरात नेसून जेवण केलेत, जिना चढलात, तर लग्नाच्या दिवशी तुमचे हात सारखे काठाकडे जाणार नाहीत. पाहुण्याचा किल्ट त्याचा वाटतो की उसना, हे लोक ओळखतात ते या हातांवरून.

आता तुमच्या आईंच्या सूचनेविषयी, आणि ती मी हलकी मानत नाही. स्कॉटिश लग्नात पाहुण्याने आपल्या देशाच्या उत्तम पोशाखात येणे हे पूर्णपणे मान्य आहे. पत्रिकेवर फक्त सुटाचा उल्लेख असला तरी चांगला बंदगळा त्यात बसतो. मापाचा किल्ट मिळाला नाही, तर लाउंज सुटाच्या आधी मी बंदगळ्याचेच नाव घेईन. तिसरा एक मार्ग ट्रूज म्हणजे टार्टनच्या पँटचा आहे. तो स्कॉटिश रीतीतलाच आहे, उंचीची अडचण नाही, आणि वर बंदगळाही शोभतो. किल्टवर मात्र बंदगळा नको. लांबीची तीच अडचण, जी सुटाच्या कोटाची.

फेट्याबद्दल माझे मत ठाम आहे. बंदगळ्यावर फेटा बांधा, किल्टवर बांधू नका. शीख माणसाची पगडी त्याच्या नित्याची असते, म्हणून ती कोणत्याही कपड्यावर त्याचीच दिसते. आपला फेटा समारंभाचा मान आहे, आणि किल्टही समारंभाचा मान आहे, आणि एका अंगावर दोन मान ठेवले की दोघांचेही वेश होतात. शिवाय डोक्यावर नऊ-दहा वारांचा फेटा आणि कमरेला आठ वारांचा किल्ट घेऊन ‘केली’ नाचायचा म्हणजे पहिलवान असावे लागते. आईंना किल्ट परका वाटत असेल तर २६ जानेवारीच्या संचलनातले लष्कराचे पाईप बँड आठवून पाहायला सांगा; त्या वादकांच्या खांद्यावरून जे चौकटींचे कापड लोंबते ते टार्टनच आहे.

विकत घ्यावा का, असे तुम्ही विचारले नाही, पण पुढच्या वर्षी विचाराल. पहिल्या लग्नाला घेऊ नये. हाताने शिवलेल्या चांगल्या लोकरी किल्टलाच काही शे पौंड पडतात, कोट-स्पोरान वेगळे, आणि शिवून यायला बरेच आठवडे लागतात. स्वस्तातला ॲक्रिलिकचा घेण्यापेक्षा लोकरीचा भाड्याने घेणे दहापट चांगले. तिसऱ्या लग्नाचे आमंत्रण आले की मग शिवून घ्या, आणि शिवणाऱ्याला पदराच्या कडेला दोन-तीन इंच कापड राखून ठेवायला सांगा. चाळिशीनंतर ते उपयोगी पडते.

लग्नाला अजून वेळ आहे असे समजू नका. मे ते सप्टेंबर हा लग्नांचा हंगाम असतो आणि आखूड लांबीचे मोजके किल्ट सर्वांत आधी बुक होतात. नवरदेवाला आजच निरोप पाठवा; त्यात एवढेच लिहा की मला किल्ट नेसायला आवडेल, तुझ्या बाजूचे टार्टन कोणते आहे, आणि मी कोणते टाळू. उत्तर आले की दुकानात स्वतः जाऊन माप द्या, आणि जाताना पोट आत ओढू नका. संच ताब्यात घेताना तिथेच एकदा पूर्ण नेसून पाहा, कारण लग्नाच्या सकाळी एक फ्लॅश (मोज्याच्या दुमडीखाली दिसणारी फीत) किंवा एक कफलिंक कमी निघाली तर शनिवारी तुम्हाला मदत करायला आमच्यापैकी कोणीही मोकळा नसतो. आणि सोमवारी संच परत करताना स्पोरान उघडून नीट तपासा. माझ्याकडे आजवर त्यांतून घराच्या किल्ल्या, न वाचलेली भाषणे, नवरीच्या आजीची कवळी आणि एकदा खुद्द लग्नाची अंगठी निघाली आहे.